दोन्ही डोळे, एकाच दिवशी

२०१५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात तीन वयस्कर बायका एका खासगी स्टेम सेल क्लिनिकमध्ये, म्हणजे मूळपेशींचे उपचार विकणाऱ्या दवाखान्यात, गेल्या. एक ७२ वर्षांची, दुसरी ७८, तिसरी ८८. तिघींचं दुखणं एकच: मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे वयोमानाने डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची होणारी झीज. क्लिनिकमध्ये त्यांच्या अंगावरची थोडी चरबी काढली गेली, एन्झाइम घालून त्यातल्या पेशी सुट्या केल्या गेल्या, त्यांच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटयुक्त प्लाझ्मात त्या मिसळल्या गेल्या आणि ते मिश्रण सुईने दोन्ही डोळ्यांत सोडलं गेलं. तासाभराच्या आत सगळं आटोपलं. प्रत्येकीने त्यासाठी ५,००० डॉलर मोजले.

आठवडाभरातच त्रास सुरू झाला. डोळ्यांतला दाब वाढला, आत रक्तस्राव झाला, पडदा सुटला, कुठे भिंगच जागचं हललं. उपचाराआधी त्यांची नजर २०/३० ते २०/२०० यांच्या दरम्यान होती. वर्षभराने ती २०/२०० पासून ‘उजेडही कळत नाही’ इथपर्यंत घसरली होती. २०/२०० म्हणजे निरोगी डोळ्याला २०० फुटांवरून ओळखता येणारं अक्षर २० फुटांवर आल्यावर ओळखता येणं. अमेरिकेत चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही एवढीच असली की कायद्याच्या लेखी माणूस अंध ठरतो. ‘उजेडही कळत नाही’ याचा अर्थ कुणाला फोड करून सांगायला नको.

मार्च २०१७ मध्ये हे प्रकरण न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं. ते मांडणाऱ्यांत मायामीच्या बॅस्कम पामर नेत्रसंस्थेचे थॉमस अल्बिनी आणि स्टॅनफर्डचे जेफ्री गोल्डबर्ग होते. तेव्हापासून स्टेम सेलच्या बाजारावर बोलायचं झालं की या तिघींचं उदाहरण हटकून निघतं, आणि बहुतेक वेळा सूर एकच असतो: ‘बिचाऱ्या फसल्या. लोकांनी सावध राहायला हवं.’ मला हा सूर पटत नाही. रुग्णांची बाजू मांडणारे आपण सगळे लोकांना ज्या सावधगिरीचे धडे देतो, त्यातले बरेच या बायकांनी गिरवले होते. घात झाला तो तिथेच.

त्यांनी केलं ते बरोबरच होतं

मॅक्युलर डिजनरेशनचे ढोबळमानाने दोन प्रकार. ओल्या प्रकारात पडद्याखाली नव्या, गळक्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. रॅनिबिझुमॅबला अमेरिकेत २००६ मध्ये मंजुरी मिळाली आणि लाखो लोकांची नजर त्यावर टिकून आहे. कोरड्या प्रकारात मात्र पडद्याला पोसणारा पेशींचा थर हळूहळू मरत जातो. २०१५ साली त्यावर मंजूर झालेलं एकही औषध नव्हतं. जीवनसत्त्वं आणि जस्ताच्या गोळ्या, सिगारेट बंद, चौकड्यांच्या कागदाकडे एकेका डोळ्याने बघून रेषा वाकड्या दिसतात का ते तपासत राहणं, आणि दर खेपेला डॉक्टरांच्या तोंडून ‘बघू या’. झीज थोडी मंदावणारं पहिलं औषध यायला २०२३ उजाडलं. तेही गेलेली नजर परत आणत नाही.

अशा वेळी माणूस काय करतो? आपण त्याला काय सांगतो? ‘गावगप्पांवर जाऊ नका, जाहिरातीला भुलू नका, क्लिनिकल ट्रायल चालू आहे का ते बघा, सरकारी संकेतस्थळावर शोधा.’ तिघींपैकी दोघींना या ‘ट्रायल’चा पत्ता लागला तो क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्हवर. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही रजिस्ट्री २००० सालापासून सगळ्यांना खुली आहे. पत्त्यात ‘गव्ह’, वर सरकारी खात्याचं नाव, आत अभ्यासाचं शीर्षक आणि क्रमांक. आणखी कुणी कशाची खात्री करावी?

गोम इतकीच, की ही रजिस्ट्री उभी राहिली ती पारदर्शकतेसाठी. कंपन्यांनी नको असलेले निकाल दडपू नयेत म्हणून प्रत्येक अभ्यास आधीच जाहीर नोंदवून ठेवायचा, हा हेतू. नोंद अभ्यास करणाराच करतो. विज्ञान पक्कं आहे का, प्राण्यांवर काही झालंय का, रुग्णाकडून पैसे घेतले जाणार आहेत का, याची परीक्षा तिथे कुणी घेत नव्हतं. जन्ममृत्यूच्या दप्तरात नाव लागलं म्हणून कुणी चारित्र्याचा दाखला मागत नाही, पण इथे नोंदीलाच दाखला समजलं गेलं. आणि तसं समजायला लोकांना आम्हीच शिकवलं होतं. तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात असलेले जैवनीतीचे अभ्यासक ली टर्नर यांनी २०१७ मध्येच दाखवून दिलं, की पैसे भरून भाग घ्यायचे स्टेम सेलचे असे ‘अभ्यास’ या रजिस्ट्रीत एकाहून जास्त व्यवसायांनी नोंदवले होते. म्हणजे ही एखाद्याच क्लिनिकची चलाखी नव्हती. पुढे संकेतस्थळावर ठळक इशारा आला: अभ्यासाची नोंद इथे आहे म्हणजे सरकारने तो तपासलाय असं नाही. इशारा यायला हवाच होता. फक्त तो वाचायला या तिघींपैकी कुणाची नजर उरली होती हा प्रश्न मला दर वेळी छळतो.

संमतीपत्र

निदान त्यांच्यातल्या काही जणींना तरी वाटत होतं की आपण संशोधनात भाग घेतोय. त्यांच्या हातात पडलेल्या संमतीपत्रात आणि इतर कागदांत मात्र ट्रायलचा उल्लेखच नव्हता. रजिस्ट्रीत संशोधन, टेबलावर साधा उपचार. ज्याला जे सोयीचं ते त्याला दाखवलेलं.

हा फरक शाब्दिक नाही. संशोधन म्हटलं की नीतीसमितीची मंजुरी आली, निकाल लिहून ठेवणं आलं, काही बिघडलं तर कळवण्याचं बंधन आलं, रुग्णाला मधूनच बाहेर पडण्याचा हक्क आला. उपचार म्हटलं की पैसे घेता येतात. इथे संशोधनाचा मान आणि उपचाराची फी दोन्ही पदरात पडली. जबाबदारी दोन्हीपैकी एकाचीही नाही. नंतर तज्ज्ञांनी पाहिलं तेव्हा ट्रायल म्हणवून घ्यायला लागतं त्यातलं जवळजवळ काहीच सापडलं नाही: प्रयोगशाळेतल्या कामावर उभं असलेलं गृहीतक नाही, तुलनेचा गट नाही, पुढच्या तपासण्यांचा आराखडा नाही.

इथे डोळ्यांच्या या आजाराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मॅक्युला, म्हणजे पडद्याचा तो मधला भाग, गेली की जग कडेने दिसतं, मधोमध भोक पडतं. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. वाचताना नजर ज्या अक्षरावर ठेवाल नेमकं तेच पुसलं जातं. शेजारचं वाचायला नजर हलवली की तेही जातं. रुग्णहक्कांच्या कुठल्याही प्रशिक्षणात ‘सही करण्याआधी संमतीपत्र नीट वाचा’ हे पहिल्या तीनांत असतं. हे सांगायचं कुणाला? ज्याचं दुखणंच वाचता न येणं आहे त्याला. म्हातारपणीच्या बहुतेक आजारांत असं होतं. सावध राहायला जे लागतं, म्हणजे नजर, कान, स्मरण, दोनदोनदा खेटे घालायची ताकद, तेच दुखण्याने आधी नेलेलं असतं. म्हणून ‘रुग्णजागृती’ या एकाच खुंटीवर सगळं टांगणारी चळवळ मला अपुरी वाटते. कागद मोठ्याने वाचून दाखवणारं, क्लिनिकच्या पगारावर नसलेलं एक माणूस त्या खोलीत असणं, हे दहा माहितीपत्रकांपेक्षा मोलाचं.

पैशांचंही तसंच. रीतसर ट्रायलमध्ये तपासलं जात असलेल्या उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. काही ठिकाणी उलट येण्याजाण्याचा खर्च मिळतो. हे माहीत असलेल्याला ५,००० डॉलरचा आकडा ऐकूनच शंका येते. माहीत नसलेल्याला वाटतं, एवढे घेतायत म्हणजे काहीतरी असणार.

दुसरा डोळा

या सगळ्या प्रकरणात मी एका जागी नेहमी थबकते. रजिस्ट्री, कायदा, पेशींचं शास्त्र सगळं बाजूला ठेवू. दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी इंजेक्शन का दिलं?

मोतीबिंदूचं ऑपरेशन जगात रोज हजारोंनी होतं, त्याचे धोके पाठ आहेत, तरी बहुतेक सर्जन आधी एक डोळा करतात, तो सावरला की दुसरा. कारण उघड आहे: एकात काही बिघडलं तर दुसरा शाबूत राहावा. इथे तर आधी कधी नीट तपासलं न गेलेलं मिश्रण होतं. ते डोळ्यात गेल्यावर नेमकं काय झालं असावं याबद्दल तज्ज्ञांनी काही शक्यता मांडल्या. तयार करताना काही दूषित झालं असेल. पेशी सोडवायला वापरलेलं एन्झाइम पुरतं धुतलं गेलं नसेल. किंवा पेशींनीच रूप बदललं असेल: चरबीतल्या अशा पेशी जखमेवर व्रण धरणाऱ्या, आकसणाऱ्या पेशी बनू शकतात, आणि डोळ्याच्या आत काही आकसलं की ते पडद्याला ओढून सोडवतं. यातलं काहीही झालं असो, एका डोळ्यात ते आठवड्याभरात कळलं असतं. दुसरा वाचला असता.

‘दोन्ही एकदम कशाला?’ हे विचारायला डॉक्टर असावं लागत नाही. शेजारीण विचारेल, नातू विचारेल. मला वाटतं, झिजलेलं शरीर पेशींनी दुरुस्त करू पाहणाऱ्या उपचारांच्या क्षेत्रात रुग्णाच्या पाठीराख्याने पेशींच्या प्रकारांची पोपटपंची करण्यापेक्षा असे रोकडे प्रश्न हातात ठेवावेत. बिघडलं तर मागे फिरायची वाट ठेवली आहे का? बिघडलं तर मला रात्री कोण बघणार, तुम्ही की दुसरं हॉस्पिटल? या बायका त्रास सुरू झाल्यावर ज्यांच्याकडे गेल्या ते वेगळेच डॉक्टर होते. त्यातल्या दोघी बॅस्कम पामरमध्ये आल्या. प्रकरण जगाला कळलं ते या दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलं म्हणून. क्लिनिकच्या दप्तरातून ते कधीच बाहेर आलं नसतं.

त्याच अंकात, नऊ पानं आधी

योगायोग म्हणा की संपादकांची नजर, जर्नलच्या त्याच अंकात, या लेखाच्या लगेच आधी, त्याच आजारावरचा दुसरा लेख आहे. तो १०३८व्या पानावर सुरू होतो, हा १०४७व्या.

तो जपानमधल्या कोबेचा. रिकेन संस्थेच्या मासायो ताकाहाशी आणि सहकाऱ्यांनी सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीच्या त्वचेच्या पेशी घेतल्या, त्यांना आयपीएस पेशींच्या, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या पेशींच्या, रूपात मागे नेलं, म्हणजे शिन्या यामानाकांना २०१२ चं नोबेल मिळवून देणारी तीच युक्ती, आणि त्यांतून पडद्याखालच्या थराची एक चकती वाढवली. लांबी ३ मिलिमीटर, रुंदी १.३. सप्टेंबर २०१४ मध्ये ती एका डोळ्यात बसवली. वर्षभराने चकती जागेवर होती, गाठ झालेली नव्हती. नजर? सुधारली नाही, बिघडलीही नाही.

पैसे भरून तासाभरात घरी जाणाऱ्याला हा निकाल ऐकवा. इतका खटाटोप करून ‘होतं तेवढंच’? पण त्या लेखातला मला सर्वांत भावलेला भाग या स्त्रीचा नाही, दुसऱ्या रुग्णाचा आहे. ६८ वर्षांचा पुरुष. त्याच्याही पेशी घेतल्या, त्याही मागे नेल्या. तपासणीत जनुकांत काही बदल आढळले. त्यांनी अपाय झालाच असता असं कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. तरीही संशोधकांनी त्याच्यावर रोपण केलं नाही आणि अभ्यास थांबवला. तो माणूस आशेने आला होता, त्याचा आजार वाढत होता, आणि त्याला ‘नाही’ सांगितलं गेलं. त्याची बाजू त्या दिवशी या नकारानेच घेतली. फ्लोरिडाच्या क्लिनिकमध्ये ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती. ‘हो’ म्हटल्याशिवाय ५,००० डॉलर येत नाहीत.

कुणाची बाजू?

आता अवघड भाग. सप्टेंबर २०१६ मध्ये औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी खात्याने या उपचारांच्या नियमांवर दोन दिवसांची जाहीर सुनावणी घेतली. बोलायला इतके लोक उत्सुक होते की आधी ठरलेली सुनावणी पुढे ढकलून मोठी करावी लागली. तिथे रुग्ण दोन्ही बाजूंनी उभे राहिले. काही म्हणाले, या क्लिनिकांना आवरा. काही म्हणाले, पेशी माझ्या, शरीर माझं, मधे पडणारं सरकार कोण? यातले सगळे क्लिनिकचे भाडोत्री होते असं म्हणून सुटका करून घेणं मला प्रामाणिक वाटत नाही. कुणाचा गुडघा खरोखर हलका झाला होता, निदान त्यांना तसं वाटत होतं, आणि वर्षानुवर्षं ‘बघू या’ ऐकलेल्या माणसाला कुणीतरी ‘करू या’ म्हटलं याचं अप्रूप मोठं असतं.

शिवाय रुग्ण चळवळीचा वारसाच तसा आहे. ११ ऑक्टोबर १९८८ रोजी एड्सच्या रुग्णांनी आणि त्यांच्या साथीदारांनी, अ‍ॅक्ट अप या आंदोलक गटाच्या पुढाकाराने, रॉकव्हिलमधल्या एफडीएच्या मुख्यालयाला घेराव घातला होता: माणसं मरतायत, औषधं लवकर सोडा. ते बरोबर होते आणि त्यांच्यामुळे पुढे बरंच बदललं. तेव्हापासून ‘रुग्ण विरुद्ध लालफीत’ ही कथा तयार आहे. कुणीही येऊन तिच्यात आपलं नाव घालावं. स्टेम सेल विकणाऱ्यांनी तेच केलं. त्यात एक गोष्ट वगळली. अ‍ॅक्ट अपचे कार्यकर्ते ट्रायलचं शास्त्र रात्र रात्र बसून शिकले होते. त्यांना ट्रायल हव्या होत्या, जास्त माणसांना सामावणाऱ्या आणि लवकर निकाल देणाऱ्या. निकालाशिवाय विक्री ही मागणी त्यांची नव्हती.

टर्नर आणि स्टेम सेलचे संशोधक पॉल नोफ्लर यांनी २०१६ मध्ये मोजदाद केली तेव्हा अमेरिकेत असे ३५१ व्यवसाय आणि ५७० क्लिनिक सापडले होते. २०२१ मध्ये टर्नर यांनी पुन्हा मोजलं: १,४८० व्यवसाय, २,७५४ क्लिनिक. मधल्या काळात तिघींचं प्रकरण जगभर छापून आलं होतं. जागृती झाली नव्हती असं कुणी म्हणू शकणार नाही.

वाढ झाली त्याचं एक कारण सरळ आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये एफडीएने नियम स्पष्ट केले, पण ते पाळायला ३६ महिन्यांची सवलत दिली. ती पुढे ३१ मे २०२१ पर्यंत वाढवली गेली.

कोर्टात

सवलत सगळ्यांना नव्हती. डोळ्यांत इंजेक्शनं देण्यासारख्या जास्त धोक्याच्या प्रकारांत एफडीए हात बांधून बसणार नव्हती. मे २०१८ मध्ये तिने फ्लोरिडातल्या एका कंपनीला चरबीच्या पेशींच्या याच पद्धतीवरून कोर्टात खेचलं. बचाव असा होता: रुग्णाचीच चरबी काढून त्याच बैठकीत त्यालाच परत देतो, ही शस्त्रक्रिया आहे, औषध नव्हे. जून २०१९ मध्ये न्यायाधीश उर्सुला उंगारो यांनी तो नाकारला. एन्झाइमने प्रक्रिया करून वेगळ्या कामासाठी वापरलेल्या पेशी म्हणजे औषध, आणि औषधाला मंजुरी लागते. जून २०२१ मध्ये वरच्या कोर्टाने हेच उचलून धरलं. कॅलिफोर्नियात मात्र २०२२ मध्ये दुसऱ्या न्यायाधीशांनी अगदी उलटा निकाल दिला, आणि तो फिरवायला सप्टेंबर २०२४ उजाडला. इंजेक्शनांपासून मोजलं तर नऊ वर्षं. ८८ वर्षांच्या बाईसाठी नऊ वर्षं म्हणजे काय ते ज्याने त्याने बघावं.

या निकालांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: प्रक्रिया. पेशी ‘माझ्या’ असल्या तरी त्यांच्यावर काय केलं गेलं यावर सगळं ठरतं. ‘पेशी माझ्या’ म्हणणाऱ्या रुग्णाशी बोलताना मी भांडत नाही; मी विचारते, डोळ्यात परत येताना त्या तशाच राहिल्या होत्या का?

फ्लोरिडाने त्यानंतर काय केलं? १ जुलै २०२५ पासून तिथे नवा कायदा लागू झाला. एफडीएची मंजुरी नसलेले काही स्टेम सेल उपचार डॉक्टरांना तिथे आता देता येतात. अट अशी, की मंजुरी नाही हे रुग्णाला लेखी कळवायचं, जाहिरातीतही छापायचं आणि संमतीपत्रावर सही घ्यायची. म्हणजे पुन्हा कागद, आणि पुन्हा तो वाचणारा रुग्णच. मुभा हाडासांध्यांची दुखणी, जखमा आणि वेदना यांच्यापुरती आहे. डोळे त्या यादीत नाहीत.